तिसरं बिल

2014 च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, एअरटेलने एक दरबदल जाहीर केला. स्काइप, व्हायबर यांसारख्या अ‍ॅपवरून केलेले कॉल यापुढे डेटा पॅकमध्ये धरले जाणार नाहीत, त्यांना थ्री-जीवर दर 10 किलोबाइटला 4 पैसे असा वेगळा आकार पडेल, असं त्यात होतं. 4 पैसे म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण इंटरनेटवरच्या एका मिनिटाच्या बोलण्याला अर्धा मेगाबाइट लागतो असं धरलं तरी हिशेब मिनिटाला दोन रुपयांवर जातो, आणि साधा कॉल त्याहून बराच स्वस्त होता. ग्राहकाने पॅकचे पैसे आधीच भरलेले होते. त्या पैशांत तो सिनेमा पाहतो की दुबईतल्या भावाशी गप्पा मारतो, याने टॉवरला काही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो कंपनीच्या जुन्या धंद्याला, म्हणजे मिनिटाच्या हिशेबाने बोलणं विकण्याला. आठवडाभरात एवढी ओरड झाली की निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेताना कंपनीने सांगितलं, की दूरसंचार नियामक ट्राय या विषयावर चर्चापत्र काढणार आहे, तेवढं येऊ दे.

या पुस्तकाचा विषय त्या एका दरपत्रकात जवळजवळ पुरता सापडतो. इंटरनेटची वाहतूक करणाऱ्याने आत काय आहे हे बघून दर लावावा का, आणि लावला तर त्याला 'खर्चाची भरपाई' म्हणायचं की आणखी काही? 2003 साली टिम वू या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकाने एका शोधनिबंधात याला 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' असं नाव दिलं. पुढे त्याचंच नेट न्यूट्रॅलिटी झालं. भारतात मात्र दुखणं नावाच्या आधीपासून होतं. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि परदेशी फोनची मक्तेदारीही त्याच निगमकडे होती. इंटरनेटवरून बोलता येतं हे लक्षात येताच निगमने तसली सेवा देणाऱ्या साइट बंद करायला सुरुवात केली. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. इंटरनेट टेलिफोनीला कायदेशीर परवानगी मिळाली ती 1 एप्रिल 2002 ला. मालक सरकारी असो की खासगी, ज्याच्या एका हातात तार आहे आणि दुसऱ्या हातात त्या तारेवरून जाणारा धंदा, तो तारेचा उपयोग धंदा वाचवायला करणारच. त्यात दुष्टपणा शोधायचं कारण नाही.

आता पैशांकडे येऊ. 'हे परदेशी अ‍ॅपवाले आमच्या जाळ्यावर फुकट चालतात' ही तक्रार गेली दहा-पंधरा वर्षं जगभरच्या दूरसंचार कंपन्या एकाच सुरात करताहेत, आणि ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटते. म्हणून बिलं नीट मोजून पाहायला हवीत.

पहिलं बिल आपलं. महिन्याचं रिचार्ज किंवा घरच्या फायबरचे पैसे. दुसरं बिल वेबसाइट चालवणाऱ्याचं. त्याचे सर्व्हर ज्या डेटा सेंटरमध्ये असतात तिथून बाहेरच्या जगाशी जोडणी विकत घ्यावी लागते. सातारा-सांगलीकडचा लहान केबलवाला मुंबईतल्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो तेव्हा तोही हाच बाजार करतो. या घाऊक बाजारात मोजण्याची पद्धत गमतीची आहे. दर पाच मिनिटांनी वेग नोंदवला जातो. तीस दिवसांच्या महिन्यात अशा 8,640 नोंदी होतात. महिनाअखेरीला त्या उतरत्या क्रमाने लावतात, वरच्या 5 टक्के सोडून देतात आणि उरलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा बिलाला धरतात. म्हणजे महिन्यातले सगळ्यात गर्दीचे 36 तास माफ. एकूण किती जीबी गेले याला या हिशेबात स्थान नाही. विकत घेतली जाते ती रुंदी. पहाटे तीनला रिकामी राहिलेली रुंदी साठवता येत नाही, आणि वापरली तरी तिचा वेगळा खर्च येत नाही. जाळं उभारायचा खर्च ठरतो तो रात्री नऊच्या गर्दीवर, भारत-पाकिस्तान सामन्याच्या शेवटच्या षटकांवर.

मोठ्या कंपन्या याच्याही पुढे गेल्या. गूगल, मेटा यांनी समुद्राखालच्या केबलमध्ये स्वतःचा पैसा घातला. मुंबईत वर्सोव्याला जिथे आंतरराष्ट्रीय केबल जमिनीवर येतात, तिथवर माल आणून देण्याचा बराचसा भार आता इथल्या इंटरनेट कंपन्यांवर राहिलेला नाही. शिवाय नेटफ्लिक्स आणि गूगल आपली कॅशे यंत्रं इंटरनेट कंपन्यांच्या जागेतच आणून ठेवतात. लोकप्रिय मालिका एकदा रात्री त्या यंत्रात भरली, की शहरातले हजारो लोक ती तिथूनच पाहतात, दर वेळी सिंगापूर किंवा युरोपपासून ओढत आणावी लागत नाही. नेटफ्लिक्सची ही योजना 2011 पासूनची आहे. यंत्र नेटफ्लिक्सचं, वीज आणि जागा इंटरनेट कंपनीची, आणि वाचलेली बँडविड्थ बहुतेक कंपनीच्याच खात्यात. याला फुकट चालणं म्हणायचं असेल तर शब्दाचा अर्थ बराच ताणावा लागेल.

तर मग मागणी कसली आहे? तिसऱ्या बिलाची. ग्राहकाने पैसे भरले, वेबसाइटवाल्याने आपल्या बाजूने भरले, आता वेबसाइटवाल्याने ग्राहकाच्या कंपनीलाही भरावेत, कारण ग्राहकापर्यंतचा शेवटचा टप्पा तिच्या ताब्यात आहे. महाराष्ट्राला यातला फरक समजावून सांगायला नको. टोल नाक्यावर गाडीचा प्रकार बघतात, आत कांदे आहेत की टीव्ही हे विचारत नाहीत. जकात नाक्यावर ताडपत्री उचलायला लावत, बिल्टी तपासत आणि मालावर दर लावत. मुंबईतली जकात जीएसटी येईपर्यंत, म्हणजे 2017 च्या जूनअखेरपर्यंत चालली. रांगेत उभ्या ट्रकचं डिझेल आणि नाक्यावरचे 'इतर' व्यवहार यांचा खर्च कोणी धरला नाही. इंटरनेटवर ताडपत्री उचलण्याचं तंत्र आहे. पॅकेटच्या आत डोकावून ते कुठल्या अ‍ॅपचं आहे हे ते ओळखतं. एन्क्रिप्शनमुळे आतला मजकूर दिसत नाही, तरी माल कोणाचा हे बहुधा कळतं. जकात लावायला तेवढं पुरतं.

नाका कुठे बसवता येतो, हे अमेरिकेत स्पष्ट दिसलं. 2007 मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी फाइल वाटण्याच्या बिटटोरेंटची वाहतूक अडवताना सापडली. दोन संगणकांमध्ये चाललेल्या संभाषणात ती 'आता थांबा' असे खोटे संदेश घुसवत होती. पकडली गेल्यावर नियमांची चर्चा सुरू झाली, आणि नियम आले तेव्हा भांडण सांध्यावर सरकलं. सांधा म्हणजे दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडलेली असतात ती जागा. आत कोणाचाही वेग कमी करायची गरजच नाही, सांध्यावरची जोडणी वाढवली नाही की झालं. 2013-14 च्या हिवाळ्यात कॉमकास्टच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स अडखळत दिसू लागलं. फेब्रुवारी 2014 मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टला थेट जोडणीसाठी पैसे देण्याचा करार केला आणि चित्र सुधारलं. व्हेरायझनशीही असाच करार झाला. अमेरिकेची नियमावली पुढे निवडणुकांबरोबर हेलकावे खात राहिली: 2015 च्या फेब्रुवारीत कडक नियम, 2017 च्या डिसेंबरात रद्द, 2024 च्या एप्रिलमध्ये पुन्हा मंजूर, आणि 2 जानेवारी 2025 ला न्यायालयाने पुन्हा रद्द. त्या पुराणात हे पुस्तक फार रमत नाही.

रमतं ते दक्षिण कोरियात, कारण तिथे तिसरं बिल नियमाने आलं. 2016 मध्ये कोरियाने कंपन्यांच्या आपसातल्या जोडणीचे नियम बदलले. ज्याच्या जाळ्यातून माल निघतो त्याने पैसे द्यायचे, असं ठरलं. कल्पना न्याय्य वाटते. घडलं ते असं: फेसबुकचा कॅशे केटी या कंपनीकडे होता. आता दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनी फेसबुक पाहिलं की भुर्दंड केटीला. म्हणजे लोकप्रिय माल आपल्याकडे ठेवणं हाच तोट्याचा धंदा झाला. केटीने तो खर्च फेसबुककडे सरकवला, फेसबुकने इतर कंपन्यांच्या ग्राहकांची वाहतूक देशाबाहेर हाँगकाँगमार्गे वळवली आणि त्यांचं फेसबुक रडतखडत चालू लागलं. नियामकाने 2018 मध्ये फेसबुकला दंड केला, पुढच्या वर्षी न्यायालयात फेसबुक जिंकलं. मग एसके ब्रॉडबँड ही इंटरनेट कंपनी आणि नेटफ्लिक्स यांची वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. 2021 मध्ये सोलच्या न्यायालयाने नेटफ्लिक्सच्या विरोधात निकाल दिला आणि 2023 च्या सप्टेंबरात दोघांनी तडजोड केली. मोठ्यांचं असं काहीतरी मिटतंच. ट्विच या खेळ-प्रक्षेपणाच्या साइटचं मिटलं नाही. आधी तिने कोरियात चित्राचा दर्जा 720 पी वर आणला, शेवटी 27 फेब्रुवारी 2024 ला तिथला धंदा बंद केला. इतर बहुतेक देशांच्या दहापट नेटवर्क शुल्क पडतं, हे कारण तिने दिलं. कोरियातलं इंटरनेट जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेटपैकी आहे, हे ध्यानात ठेवून हे वाचावं.

आता दूरसंचार कंपन्यांची बाजू. ती खरी आहे तेवढी मांडायला हवी, नाहीतर पुस्तक प्रचारपत्रक होईल. फायबर आणि हवेतली वाहतूक सारखी नसते. फायबरमध्ये रुंदी वाढवणं तुलनेने स्वस्त, टॉवरच्या वाट्याला आलेला स्पेक्ट्रम मात्र त्या भागातल्या सगळ्यांत वाटला जातो, आणि यात्रेच्या गावात एकाचा व्हिडिओ दुसऱ्याचा कॉल खरोखर अडवतो. स्पेक्ट्रमही फुकट मिळत नाही. 2022 च्या फाइव्ह-जी लिलावात दीड लाख कोटींच्या बोली लागल्या. वर समायोजित महसुलाच्या 8 टक्के लायसन्स फी. तो महसूल कसा मोजायचा यावर ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल लागला, त्यातून व्होडाफोन आयडिया आजतागायत सावरलेली नाही. हे ओझं खरं आहे. पण ते लादलं दिल्लीने, आणि तक्रारीचा पत्ता कॅलिफोर्नियाचा, हे कोडं मला सुटलेलं नाही.

शिवाय डेटाचा दर ट्राय ठरवत नाही, कंपन्याच ठरवतात. 2014 मध्ये एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत, आता दहाच्या आसपास. ही घसरण नेटफ्लिक्सने केलेली नाही. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि कंपन्यांनी एकमेकांचे गळे धरले. 2024 च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले, ते वाढवता आलेच. खर्च भागत नसेल तर पहिलं बिल वाढवायचा रस्ता मोकळा आहे. तिसऱ्या बिलाचा आग्रह एवढ्यासाठीच, की ते ग्राहकाला दिसत नाही.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण 2015 चं आहे, आणि त्याला कारण आहे. 27 मार्च 2015 ला ट्रायचं ते चर्चापत्र आलं. 118 पानं, 20 प्रश्न, आणि प्रश्नांचा कल कंपन्यांच्या बाजूचा. 6 एप्रिलला 'एअरटेल झिरो' आलं, म्हणजे अ‍ॅपवाल्याने पैसे भरायचे आणि त्याचं अ‍ॅप ग्राहकाला फुकट. फ्लिपकार्ट त्यात उतरणार होतं, लोक फ्लिपकार्टच्या अ‍ॅपला एक-एक तारा देऊ लागले आणि आठवडाभरात ते मागे हटलं. एआयबीच्या मुंबईतल्या विनोदी मंडळींनी एक व्हिडिओ केला, आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. ट्रायने ते मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकून दिले. खासगीपणाच्या बाबतीत त्या काळी आपण किती निरागस होतो हे कळायला एवढं पुरे.

एअरटेल झिरोला विरोध करणं सोपं होतं. फेसबुकची योजना मात्र अवघड होती, आणि तिचा आपल्याशी थेट संबंध होता. 'इंटरनेट डॉट ऑर्ग' फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ज्या मोजक्या राज्यांत सुरू झालं त्यांत महाराष्ट्र होता, आणि ज्या भारतीय भाषांत ते दिलं गेलं त्यांत मराठी होती. काही ठरावीक साइट फुकट, बाकीचं इंटरनेट विकत. सप्टेंबरात त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. डिसेंबरअखेरीला मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी दैनिकात लेख लिहून त्याची बाजू मांडली. त्यात उदाहरण दिलं होतं ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. फ्री बेसिक्सवर तो पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो. याला कोणाचा काय विरोध असू शकतो, असा लेखाचा सूर होता.

विरोध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या शेतकऱ्याकडे नीट पाहिलं, असं मला जुने लेख पुन्हा वाचताना वाटलं. बहुतेकांनी त्याला जाहिरातीतलं पात्र समजून बाजूला केलं. पण प्रश्न खरा होता. ज्याच्याकडे महिन्याला शंभर रुपये डेटासाठी नाहीत, त्याला अपुरं इंटरनेट देणं हे काहीच न देण्यापेक्षा बरं नाही का? उत्तर देताना आधी फ्री बेसिक्स काय होतं ते बघावं लागतं. साइटला फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळाव्या लागत: जावास्क्रिप्ट नाही, व्हिडिओ नाही, इंटरनेटवरून कॉल नाही. सारी वाहतूक फेसबुकच्या सर्व्हरमार्गे जाई. अटी बदलण्याचा अधिकार फेसबुकचा. एखाद्या जिल्हा दैनिकाला किंवा बाजार समितीच्या भावांची साइट चालवणाऱ्या दोघा-तिघा पोरांना फुकटच्या यादीत जायचं तर कॅलिफोर्नियातून परवानगी. त्या शेतकऱ्याला भाव कळले असते. कोणाचे भाव कळतील, हे त्याच्या हातात नसतं आणि बाजार समितीच्याही.

9 डिसेंबर 2015 ला ट्रायने दुसरं चर्चापत्र काढलं, फक्त वेगवेगळ्या दरांच्या प्रश्नावर. फेसबुकने आपल्या भारतीय वापरकर्त्यांना एका बटणाने ट्रायकडे मत पाठवायची सोय करून दिली. जवळजवळ चोवीस लाख प्रतिसादांतला मोठा भाग त्याच ठशाचा निघाला. आर. एस. शर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या ट्रायने फेसबुकला पत्र लिहून सुनावलं, की आम्ही प्रश्न विचारले होते, मतदान घेतलं नव्हतं. 8 फेब्रुवारी 2016 ला विनियम आले. मजकूर बघून डेटाचा वेगवेगळा दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला 50 हजार आणि जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड, आपत्कालीन सेवांना सूट. तीन दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळलं. मधल्या काळात फेसबुकच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादविरोधाने भारताचं आधीच आर्थिक नुकसान झालं आहे, अशा अर्थाचं ट्वीट करून फ्री बेसिक्सच्या विरोधकांना न मागता मदत केली. पुढे त्यांनी माफी मागितली.

निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. पण त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर ट्रायने दिलं, असं म्हणता येत नाही. उत्तर सात महिन्यांनी दरयुद्धाने दिलं. जिओ आलं नसतं, 2020 पर्यंत एक जीबी दोनशे रुपयांनाच राहिला असता, तर या विनियमांविषयी गावोगावी काय बोललं गेलं असतं, याचा विचार नेट न्यूट्रॅलिटीच्या समर्थकांनी क्वचित केला. आपली बाजू जिंकली त्यात तत्त्वाइतकाच योगायोगाचा वाटा होता.

जुलै 2018 मध्ये केंद्राने वेगाच्या बाबतीतही भेदभावाला बंदी घालणारे बदल परवान्यांत करायचं ठरवलं. टेलीसर्जरीसारख्या विशेष सेवांना सूट, वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला सूट, आणि कॅशे यंत्रांची जाळी नियमांच्या बाहेर. म्हणजे ज्याच्याकडे यंत्रं ठेवायला पैसा आहे त्याचं चित्र आजही लवकर उघडतं, कायद्याने. त्याखेरीज रिचार्जबरोबर एखाद्या ओटीटीची वर्गणी फुकट मिळते. डेटा मोजला जातो, म्हणून 2016 चा विनियम मोडत नाही. मराठी मालिका दाखवणाऱ्या लहान मंचाला अशी सोबत मिळत नाही, हा त्याचा प्रश्न राहतो. आणि सरकार स्वतःच एखाद्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करतं तेव्हा सगळ्या अ‍ॅपना सारखीच वागणूक मिळते. त्यावर वेगळं पुस्तक हवं.

2023 मध्ये भारतातल्या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने 'न्याय्य वाटा' नावाने तिसऱ्या बिलाची मागणी पुन्हा पुढे केली. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने याच विषयावर मतं मागवली होती, तेव्हा वेळ योगायोगाची म्हणता येणार नाही. या खेपेला फुकट अ‍ॅपचं आमिष नाही, तेव्हा एक-एक तारा देऊन निषेध करायला समोर कोणी नाही. वाद आहे तो दोन कंपन्यांतल्या करारांचा, जो वाचायला रटाळ आणि लपवायला सोपा.

म्हणून शेवटचं प्रकरण मोजणीचं आहे. फोनवरची वेगचाचणी जवळच्या एका सर्व्हरपर्यंतचा वेग सांगते, यूट्यूबपर्यंतचा किंवा तुमच्या लेकीच्या परीक्षेच्या साइटपर्यंतचा नव्हे. 2014 मध्ये व्हेरायझनच्या एका ग्राहकाने व्हीपीएन लावून नेटफ्लिक्स पाहिलं आणि वेग कित्येक पट वाढलेला दिसला. त्याने मुद्दाम वेग मारल्याचा निष्कर्ष काढला. पण खोळंबा होता तो तुंबलेल्या सांध्यावर, आणि व्हीपीएनने वाहतूक दुसऱ्या सांध्यावरून नेली होती. ग्राहकाच्या पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, नियमांच्या पुस्तकात मात्र वेगळं आहे. हा फरक घरबसल्या कसा ओळखायचा, आणि कुठवरच ओळखता येतो, ते त्या प्रकरणात पायरीपायरीने दिलं आहे. ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी तिथूनच वाचायला सुरुवात केली तरी चालेल.